घोषित मूल्य

सोहारच्या मालघरात एसी आहे, पण तो कागदांसाठी.
बाहेर ऑगस्ट. खोक्यांवरचा डिंक ओघळलेला.
मी तिथे दुसऱ्यांचे फॉर्म भरतो.
अकरा वर्षं झाली, बहुतेक कोड पाठ आहेत:
बूट, ब्रेकपॅड, दुधाची पावडर, गाद्या.
लग्नाचा अल्बम म्हणजे छापील साहित्य
हे मी इथेच शिकलो.

हेमांगी केळुसकर रात्रपाळी उतरून थेट आली,
पांढऱ्या बुटावर आयोडिनचा एक डाग.
तिचं खोकं माझ्या खांद्याला लागत होतं.
आत पेंढा, गोधडी, मिरजेचं शिळं वर्तमानपत्र
आणि त्यात निजलेला तानपुरा,
तारा सैल सोडलेल्या,
लांबच्या प्रवासात बाई वेणी सोडून बसते तशा.

पावतीवर दस्तगीर मास्तरांनी भल्या मनानं लिहिलेलं:
भेटवस्तू. व्यापारी मूल्य शून्य.
सगळेच लिहितात.
कधीकधी आम्हीही सुचवतो, हळू आवाजात.

नासर अल-बलूशीनं कागद उलटा करून पाहिला.
त्याला हिंदी येतं, आणि शून्यही वाचता येतं.
"किंमत नाही, तर विमा बेचाळीस हजारांचा कसा?"
मी गप्प.
आमच्याकडे परीक्षेत शून्य पडलं
तर भोपळा मिळाला म्हणतात, हे त्याला कसं सांगू?
इथे तर भोपळा खरोखरच टेबलावर होता,
पॉलिश केलेला, कडेला वेलबुट्टी कोरलेला.

"ही भाजी आहे?" त्यानं विचारलं. थट्टेनं नाही.
वनस्पती असेल तर वरच्या मजल्यावरचं टेबल वेगळं,
शिक्का वेगळा, कीड नसल्याचा दाखला वेगळा.
लाकूड, सुकं फळ, पितळ, पोलाद, थोडं हाड:
पाच वस्तू, की एक?
मी पडद्यावर खाली खाली सरकत गेलो.
तंतुवाद्ये, इतर.
त्या 'इतर'मध्ये तो कसाबसा मावला,
मान तिरकी करून.

मग ती म्हणाली, "खरी किंमत लिहा."
मी म्हटलं, ताई, कर भाड्यावरही लागतो, विम्यावरही.
वस्तू, तिचा प्रवास, आणि ती फुटेल ही भीती,
तिन्हींची बेरीज करायची, त्यावर पाच टक्के.
"लिहा. शून्य नको.
दोन वर्षं ओव्हरटाइम केलाय मी."

वापराचा रकाना उरला होता.
"गाता का?" नासरनं विचारलं.
"नाही. गाणाऱ्या बाईंच्या मागे बसायचे. सांगलीला, नऊ वर्षं.
पेपरात फोटो आला होता एकदा,
त्यात माझा अर्धा कान आहे."
मी 'वैयक्तिक' वर खूण केली.

वरून एक तरुण अधिकारीण आली, हातात टॉर्च.
भोपळ्यावर नखानं दोन टिचक्या मारल्या, कान लावला.
कीड असेल तर कुरतडल्याचं ऐकू येतं, म्हणाली.
मग कीड नाही हे कळल्यावरही
जरा वेळ कान तसाच ठेवला.

अकरा रियाल, सहाशे पन्नास बैसा.
हेमांगीनं सुटे मोजून दिले
आणि पावतीची आणखी एक प्रत मागितली, शिक्क्यासकट.
"मास्तरांना पाठवते.
बघू दे, तुमच्या सरकारनं काय लिहिलंय ते."
नासरनं दुसरा शिक्का जास्त दाबून मारला.

टॅक्सीच्या खिडकीतून खुंट्या बाहेर राहिल्या होत्या.
रस्त्याच्या वळणापर्यंत दिसल्या,
मग ब्रेकपॅडचं खोकं पुढे आलं.

फॉर्मच्या अगदी तळाशी 'तयार करणारा' असा रकाना असतो.
तिथे मी सही करतो. ती कुणी वाचत नाही.
त्या दुपारी जरा सावकाश केली,
आडनावासकट.